घरातली स्टार कासवं परत घेण्याची सोय करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टार कासवांची तस्करी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. विमानतळावर बॅग उघडली, आत मोज्यांत गुंडाळलेली, चिकटपट्टीने बांधलेली पिल्लं निघाली, अमुक जण अटकेत. माल बँकॉककडे निघालेला असतो, म्हणून दोष परदेशातल्या हौशी मंडळींचा, असा आपण सोयीस्कर समज करून घेतो. पण सोफ्याखालून असं कासव फिरताना आपल्यापैकी अनेकांनी कुणा ना कुणाच्या घरी पाहिलेलं असतं. कुणी ते वास्तुदोषासाठी आणलेलं असतं, कुणी पोराच्या हट्टापायी.

हे कासव मुळात आपल्या पाणवठ्यांवरचं नाही. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे काही भाग, शिवाय सिंध आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. काटेरी झुडपं, गवताळ माळ, शेताच्या कडेची कुंपणं इथे ते चरतं. हे माळ सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात आणि एकेक करून नांगराखाली किंवा प्लॉटिंगखाली जातात. पाठीवरच्या पिवळ्या रेघा वाळल्या गवतात त्याला बेमालूम लपवतात, आणि त्याच रेघांपायी माणूस त्याला उचलून नेतो. भारतातल्या एकाच व्यापारकेंद्राचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून वर्षाला किमान ५५ हजार कासवं उचलली जात असल्याचा त्यातला अंदाज आहे. मादी एका खेपेला मोजकी अंडी घालते आणि पिल्लू वयात यायला वर्षं लागतात. ही तूट भरून निघायची कशी?

घरी आणल्यावर त्याचे हाल वेगळ्या तऱ्हेने होतात. गवत, पानं, गळलेली फळं खाणाऱ्या जिवाला दूधपोळी आणि पाव घातला जातो. ऊन आणि कॅल्शियम न मिळाल्याने कवच मऊ पडतं किंवा त्यावर वेडेवाकडे उंचवटे येतात. काही जण तर त्याला माशांच्या टाकीत सोडतात. हे जमिनीवरचं कासव, त्याला पोहता येत नाही.

त्यातच आपल्याकडे ‘वीस नखी कासवा’चं खूळ आहे. गुप्तधन सापडतं, पैशांचा पाऊस पडतो, अशा थापा मारून भोंदू लाखोंचे सौदे करतात. स्टार कासवाच्या पुढच्या पायांना साधारणपणे पाच-पाच नखं असतात आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस भरत नाहीत म्हणून शोध सुरूच राहतो आणि हाती लागेल ते कासव पोत्यात जातं. पैशांच्या पावसाच्या नावाखाली कुणी फसवत असेल तर वन्यजीव कायद्याबरोबरच २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लावायला हवा. ज्यांना कासव शुभ वाटतं त्यांच्या श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच, घरासाठी पितळेचंही मिळतं.

कायदा कमी पडतो असं म्हणायला जागा नाही. २०१९ मध्ये या कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास पूर्ण बंद झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आलं. आता गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. खरी अडचण पुढेच आहे. हे कळल्यावर घाबरलेला माणूस रात्री पिशवी घेऊन निघतो आणि कासव नदीत, विहिरीत नाहीतर देवळाच्या तळ्यात सोडून येतो. पुण्य लागेल अशी त्याची कल्पना, आणि कासव बुडून मरतं. जवळच्या डोंगरावर सोडणंही घातकच. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची स्टार कासवं जनुकीयदृष्ट्या वेगळी असल्याचं संशोधनातून दिसलं आहे. त्यांची सरमिसळ झाली, किंवा बंदिवासातला आजार रानातल्या कासवांत पसरला, तर तो नवा उपद्रव.

म्हणून वनखात्याकडे एक ठोस मागणी आहे. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वतःहून माहिती देण्यासाठी मुदत दिली होती. देशी कासवांना ती लागू नव्हती. महाराष्ट्राने केंद्राशी बोलून ठरावीक मुदतीत कासव आणून देणाऱ्यावर खटला होणार नाही, अशी हमी मिळवावी. विक्रेत्यांना मात्र ही सवलत नको. जमा झालेली कासवं आधी पशुवैद्यांनी तपासावीत, मूळ प्रदेश ठरवावा आणि मगच संबंधित राज्याकडे पाठवावीत. त्यासाठी प्रत्येक वनवृत्तात कासवं ठेवण्याची जागा आणि थोडा निधी लागेल. जप्त कासवांचं पुढे काय झालं, तेही खात्याने दरवर्षी जाहीर करावं.

आपल्याकडेही एक विनंती. अशा बातमीखाली वनखात्याचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक चौकटीत छापावा, आणि काळ्या बाजारातला भाव मथळ्यात देऊ नये. ‘लाखोंची कासवं जप्त’ हे वाचून जाग येण्याऐवजी नवे गिऱ्हाईक आणि नवे पकडणारे तयार होतात.

आपला,
एक वाचक, सातारा