वाकडी रेघ म्हणजे कच्चा हात नाही

संपादक महोदय,

टॅटूवर पेपरात काही छापून आलं की फोटो ठरलेलेच असतात, हुबेहूब वाघ, गुलाब, नाहीतर कुणाचा तरी चेहरा. आणि इग्नोरंट स्टाईलचं, म्हणजे मुद्दाम वाकडंतिकडं, कच्चं दिसेल असं काढलेलं टॅटूचं काम दाखवलं की लोकांचं एकच, 'हे तर लहान पोरगंही काढेल'. मला हे मनापासून पटत नाही म्हणून लिहितेय.

पॅरिसमध्ये ट्रेनवर ग्राफिटी करत वाढलेला फुझी नावाचा कलाकार, त्याने तोच रांगडेपणा नंतर कातडीवर आणला आणि ही स्टाईल जगभर गेली. जाड काळी आउटलाइन, शेडिंग जवळपास नाहीच, माणसाचे हात पायापेक्षा लांब, अक्षरं वहीच्या मागच्या पानावर खरडल्यासारखी. सगळं मुद्दाम. त्याला नीट काढता येत नाही असं नाही हो, त्याला तसंच काढायचंय.

आणि सोपं तर अजिबात नाही. शेडिंगवाल्या टॅटूत हात जरा हलला तर सावलीत झाकता येतं, इथे झाकायला काही नसतंच. सुई कातडीच्या दुसऱ्या थरात, म्हणजे साधारण एक-दोन मिलिमीटर आत जायला हवी, वरच राहिली तर शाई टिकत नाही आणि जास्त खोल गेली तर रेघेच्या कडेला निळसर डाग पसरतो, त्याला ब्लोआउट म्हणतात, तो धुऊन जात नाही. चांगल्या आर्टिस्टची वाकडी रेघ जवळून बघा, वळण कसंही असू दे, पण शाई सगळीकडे सारखी भरलेली दिसेल, मध्येच फिकट नाही, कडा फुटलेल्या नाहीत. नवशिक्याची रेघ तिथेच उघडी पडते. या नावाखाली खराब काम खपवणारेही आहेत, ते मी नाकारत नाही, पण त्यांच्यामुळे अख्ख्या स्टाईलला नावं कशाला ठेवायची?

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दिसायला साधं म्हणून मुलंमुली घरीच शिवणाची सुई आणि पेनातली शाई घेऊन बसतात, एकच सुई दोघातिघांत फिरते. हिपॅटायटिस बी, सी असाही पसरतो. डिझाइन कितीही रॉ असू दे, सुई दरवेळी नवी, स्टराइल आणि एकाच माणसापुरती पाहिजे, शाई टॅटूचीच पाहिजे, ग्लोव्ह्ज पाहिजेत. यात तडजोड नाही.

पुढच्या वेळी टॅटूवर लेख छापाल तेव्हा ताज्या कामाचे फोटो नका टाकू, चार-पाच वर्षं जुन्या कामाचे टाका. शाई वर्षांनुवर्षं हळूहळू पसरते, त्यात बारीक नाजूक डिटेल आधी धूसर होतं आणि जाड साधी रेघ बरीच टिकून राहते. वाघ आणि वाकडं मांजर दोन्ही शेजारी शेजारी छापा आणि वाचकांना बघू द्या.

आपली,
एक नियमित वाचक