मालवणच्या दादांना, तुमच्या दोन नकारांबद्दल

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण पत्र मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. स्कूबासाठी, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून पाण्याखाली बुडी मारायला, मालवणला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखा प्रशिक्षक भेटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून आलो, तेव्हा लख्ख ऊन होतं आणि समुद्रही शांत दिसत होता. तुम्ही पाण्याकडे एकवार पाहिलंत आणि म्हणालात, “बाई, पाणी अजून गढूळ असा. दिवाळी होऊंदे, मगे येवा.” आगाऊ दिलेले पैसे मी विचारायच्या आत परत केलेत. सुट्टीतलं, घरी चालून आलेलं गिऱ्हाईक होतं ते. वर्षाचे तीन-चार महिने धंदा पूर्ण बंद ठेवावा लागणाऱ्या माणसाने ते सोडणं म्हणजे काय, हे मला परतीच्या गाडीत उमगत गेलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. नैऋत्य मोसमी वारे, भरती-ओहोटी, खारे वारे आणि मतलई वारे हे सगळं फळ्यावर कितीदा काढलं असेल. पण पावसाळा संपला तरी समुद्राचा पावसाळा संपत नाही, हे तुम्ही सांगितलंत. चार महिने लाटांनी तळ ढवळलेला असतो. देवबागला कर्ली आणि तळाशीलला गड नदी घाटातली माती आणून ओतत असते. ती निवळायला वेळ लागतो. त्यात नद्यांबरोबर आलेल्या खतावर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पाणी हिरवट होतं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होड्या बाहेर पडतात, पण मासेमारीला चालणारं पाणी बुडी मारायला चालतंच असं नाही. दिसायला हवं ना काही! नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस, मार्च-एप्रिलही बरे, मे उजाडला की वारा फिरतो आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची, चाहूल लागते, हा हिशोब तुम्ही बोटांवर मोजून दिलात.

मग डिसेंबरची तारीख तुम्हीच ठरवलीत आणि तीही पंचांग बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ जास्त, गाळही उठतो. म्हणून अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते, तुम्ही निवडलंत. वेळ सकाळी आठची, कारण तोवर जमिनीवरून मतलई वारा असतो आणि समुद्र गुळगुळीत राहतो. दुपारी खारा वारा सुटला की लाट उठते. माझ्या फळ्यावरचे दोन बाण त्या सकाळी मी अंगावर घेतले, दादा. त्याबद्दल वेगळे आभार.

दुसरा नकार माझ्या मुलाला होता. तुम्ही तब्येतीचा फॉर्म नुसता सहीला पुढे केला नाहीत. दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं, एकेक प्रश्न मराठीत वाचून उत्तराची वाट पाहिलीत. त्याला सर्दी होती. गोळी घेतो, नाक मोकळं होईल, असं तो म्हणाला. तुम्ही त्याला शेजारी बसवून समजावलंत. नाक आणि कान यांना जोडणारी नळी सर्दीने बंद असेल तर खाली जाताना कानातला दाब बाहेरच्या पाण्याशी जुळत नाही, पडद्याला इजा होऊ शकते. गोळीने तेवढ्यापुरतं मोकळं झालं आणि खाली असताना तिचा असर उतरला, तर वर येताना फुगणारी हवा आत अडकते. ते जास्त वाईट. अठरा वर्षांचा मुलगा रुसला, पण त्याने ऐकलं, कारण तुम्ही कारण दिलंत. वरून मास्क आणि नळी लावून तो पाण्यावर तरंगत राहिला आणि त्यालाही पुष्कळ दिसलं.

माझ्या बाबतीत मात्र तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो हे मला ठाऊक होतं. पण पहिल्या दोन-तीन मीटरांतच कान सर्वांत जास्त दुखतात, हे कळलं ते तिथेच. मी कानाकडे बोट दाखवलं की तुम्ही थांबायचात, थोडं वर घ्यायचात, नाक दाबून हवा सोडायला लावायचात. श्वास कधीच रोखायचा नाही, हे तुम्ही होडीत पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतंत. वर येताना छातीतली हवा प्रसरण पावते, म्हणून. खाली ते आठवावं लागलं नाही, आपोआप होत राहिलं.

आणि मग सहा मीटरवरचं ते सगळं. सिंधुदुर्गाच्या तटाला १६६४ साली सुरुवात झाली हे मी दरवर्षी सांगते, तो ज्या कुरटे बेटावर उभा आहे त्याच्याच आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत हे किती जणांना माहीत असतं? १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. अंदमानसारखी रंगांची उधळण इथे नाही आणि ती शोधत येऊ नये. इथले बरेचसे प्रवाळ धोंड्यासारखे, तपकिरी, हिरवट, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारे. पण दरवर्षी चार महिने गाळ अंगावर घेऊन, बुळबुळीत स्रावाने तो झटकून ते जिवंत राहतात. मला त्यांच्याबद्दल जो आदर वाटला तो शब्दांत नीट येत नाही.

तुम्ही नांगर वाळूत टाकलात, म्हणून आम्हाला थोडं पोहत जावं लागलं. तुम्ही पाव टाकून मासे जमवले नाहीत. पोपटमासा खडकावरचं शैवाल खरवडून खातो, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. त्याला पावाची सवय कशाला लावायची, असं तुम्ही नंतर म्हणालात. माझा हात एका धोंड्याकडे गेला तर तुम्ही तो हळूच आपल्या हातात घेतलात. तुमच्या मनगटावरचा लाल दोरा तिथे मळकट तपकिरी दिसत होता. तुम्ही विजेरी लावलीत आणि तो पुन्हा लालभडक झाला. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं, हा धडा आता माझ्या वर्गात तुमच्या दोऱ्यासकट शिकवला जातो.

नववीच्या मुलांची सहल पुढच्या डिसेंबरात आणायचं मुख्याध्यापकांनी मान्य केलं आहे. ज्यांच्या पालकांची आणि डॉक्टरांची संमती असेल तीच पाण्याखाली जातील, बाकीची ओहोटीला खडपावर तुमच्याबरोबर हिंडतील. अष्टमी बघून तारीख कळवा. तुमची तारीख आली की मगच मी गाडी ठरवते.

तुमची आभारी,
सोलापूरच्या बाई