आजारी कुत्र्यांसाठी डॉक्टर घरी यावेत

संपादक महोदय,

आमचा अल्सेशियन शेरू गेल्या महिन्यात गेला. त्याला मज्जारज्जू हळूहळू निकामी करणारा आजार होता, डॉक्टरी भाषेत डीजनरेटिव्ह मायलोपॅथी. सुरुवातीला खळ्यातल्या चिऱ्यांवर मागच्या पायांची नखं घासल्याचा आवाज यायचा. शेजारी म्हणाले, वय झालं, संधिवात असेल. पुढे मागचे पाय लुळेच पडले. आईचं जुनं लुगडं पोटाखालून घालून आम्ही दोघं नवराबायको त्याला उचलून धरायचो, आणि तो पुढच्या पायांवर नेटाने माडापर्यंत जायचाच! या आजारात सहसा वेदना नसतात, तो बरा करणारं औषधही नाही. म्हणूनच निर्णय घेताना जीव तुटतो. पुढचे पायही गेले तेव्हा डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. शेरूचं डोकं बायकोच्या मांडीवर होतं.

हे भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तालुक्याचे पशुवैद्यक गाईगुरांत गुंतलेले, आणि पांगळं जनावर रिक्षात घालून घाटीतून नेणं म्हणजे त्याचे हालच. पशुसंवर्धन विभागाने निदान अशा शेवटच्या वेळी डॉक्टर घरी येतील अशी सोय करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ता. देवगड