सुमे, तुझाच मुद्दा तुला परत

प्रिय सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. चुकलंच माझं. माझा गुडघा ठीक आहे. अण्णांची मात्र पक्षाघातात वाचा गेली. हे तुला तेव्हाच कळवायचं होतं, पण लिहायला बसलं की रडू यायचं.

आज लिहितेय ते जावा बेटावरच्या त्रिनिलला सापडलेल्या, रेघ कोरलेल्या त्या शिंपल्यामुळे. हो, तोच! २०१४ साली ज्याच्यावरची रेघ मुद्दाम काढलेली खूण की नुसता चाळा, यावरून तू आठवडाभर अबोला धरलास आणि माझ्या डब्यातली थालीपिठं मात्र सोडली नाहीस.

अण्णा डाव्या हाताने रद्दीच्या कडेला रेघ काढतात. वर-खाली, वर-खाली, करवतीच्या दात्यांसारखी. दादा म्हणतो, हाताचा चाळा आहे. मी शेजारी बसून पाहिलं. टोकाशी हात थांबतो, दिशा बदलतो, पण पेन्सिल उचलत नाही. अंगावर काटा आला गं. जावातल्या त्या होमो इरेक्टसनेही, म्हणजे आपल्याआधीच्या त्या आदिमानवानेही, निदान ४,३०,००० वर्षांपूर्वी, बहुधा शार्कच्या दाताने, असंच दाबून कोरलं होतं ना! वळणावर रेघ कुठे तुटलेली नाही. आणि डुब्वा या संशोधकाने जावाहून आणलेला तो शिंपला शंभरावर वर्षं संग्रहात पडून होता. २००७ साली मन्रो या संशोधकाला त्याच्या फोटोत रेघा दिसल्या, तोवर कुणी नीट पाहिलंच नाही. मला हीच धास्ती आहे. अण्णा काही सांगत असतील, आणि आम्ही रोज ती रद्दी बांधून ठेवत असू.

तू तेव्हा म्हणाली होतीस, "शिंपला एकच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बॉस गुहेत कोरलेल्या गेरूचे तुकडे एकाहून जास्त मिळाले, म्हणून ती खूण. एकदाच काढली तर चाळा." तेव्हा फार राग आला होता. आता तोच मुद्दा घट्ट धरून बसलेय. सतरा दिवस झाले, रोज तीच रेघ. टोकं मोजली, दर वेळी सात.

मला आईचं करवतकाठी लुगडं दिसतं त्यात. पण मला ते दिसावंसं वाटतं म्हणून दिसतं, असं तू म्हणशील, आणि ते मी ऐकून घेईन.

नव्या घरात पाणी येतं का? मुकुंदरावांची बदली टळली ना? चिंगीला दहावीसाठी आशीर्वाद.

तीन कागद सोबत आहेत, मागे तारखा घातल्यात. भिंग घेऊन वळणं बघ. दादाला अजून काही बोलले नाही.

तुझी,
वंदू