महोदय, सेल्फी पॉइंट पुरे, आधी स्वच्छतागृह बांधा

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : निसर्गस्थळांचा ‘विकास’ हाती घेण्यापूर्वी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज, लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा, आणि काही विपरीत घडलं की बंदीचा आदेश. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल कोसळून चौघांचा जीव गेला. अशा वेळी आदेश काढावाच लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आदेशाची मुदत संपते आणि जागा होती तशीच राहते. लोक पुन्हा येतात. येणारच, डोंगर हिरवे झाल्यावर घरात बसवत नाही.

बंदी नसते तेव्हा ‘सुशोभीकरण’ असतं. स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं आणि त्यावर झगमगते दिवे. मी राज्यभर हौसेने भटकतो, आणि खरं सांगायचं तर आता एखादी जागा ‘विकसित होणार’ असं ऐकलं की धडकी भरते.

काजव्यांचंच घ्या. मे अखेरीस, पहिल्या सरींच्या आगेमागे, भंडारदरा-पुरुषवाडीच्या रानात अख्खं झाड एका तालात पेटतं-विझतं. वर्षातला बहुतेक काळ हा किडा अळीच्या रूपात ओल्या मातीत गोगलगायी खात काढतो. पंख फुटल्यावर हाती उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, तोही उजेडाच्या खुणेवर. तिथे आपण काय करतो? झाडाखाली गाडी लावून हेडलाइट चालू ठेवतो, मोबाइलचे टॉर्च फिरवतो, आणि माद्या ज्या गवतात बसलेल्या असतात तेच गवत तुडवत फोटोसाठी पुढे सरकतो. यावर उपाय फार खर्चाचा नाही. गाड्या गावाबाहेर थांबवा, पुढे गावातल्याच वाटाड्यासोबत चालत न्या, माणसांचा आकडा ठरवा आणि दिवे बंद. वन विभागाने काही नियम केले आहेत, पण गर्दीच्या रात्री ते पाळून घ्यायला माणसंच पुरत नाहीत.

साताऱ्याजवळच्या कास पठाराची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, म्हणून तिथे झाडं वाढत नाहीत आणि फुलांना रान मोकळं मिळतं. २०१२ ला पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कासही आहे. गर्दी आवरायला तिथे लोखंडी जाळी ठोकली, गुरांची ये-जा थांबली, चराई नसल्याने गवत माजून फुलं रोडावल्याची ओरड झाली आणि अखेर ती जाळी काढावी लागली. सोनकी-तेरड्यासारख्या फुलांचं गणित तिथल्या गुराख्याला आधी विचारलं असतं तर तो खर्च वाचला असता. आज तिथे ऑनलाइन नोंदणी आहे, आसपासच्या गावांची समिती राबते, शिट्टी वाजवून लोकांना पायवाटेवर आणते. उणिवा आहेत, पण दिशा बरोबर आहे.

ताडोबात तर हे सगळं केव्हाचं चालू आहे. ठरावीक गाड्या, सोबत स्थानिक गाइड, १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. कुणी कुरकुरत नाही, उलट महिनोन्‌महिने आधी बुकिंग करतात. वाघासाठी जमतं ते काजव्यासाठी का जमू नये?

आणि स्वच्छतागृहं. बायका सकाळपासून पाणी न पिता सहलीला निघतात, हे आपल्यापर्यंत पोहोचलंय का? कमानीला निधी मिळतो. मोरीला, पाण्याला आणि ती रोज धुणाऱ्या माणसाच्या पगाराला मात्र मिळत नाही. बांधलेली असतात तिथेही निम्म्यांना कुलूप. त्यातच शेवटची एसटी दुपारीच निघून जाते, मग प्रत्येक जण स्वतःची गाडी काढतो आणि घाट तुंबतो.

म्हणून मागणी एवढीच : येत्या वर्षभर निसर्गस्थळांवर एकही नवी कमान, सेल्फी पॉइंट किंवा रोषणाई मंजूर करू नये. तो पैसा स्वच्छतागृहं, सुट्टीच्या दिवसांच्या जादा एसटी गाड्या आणि गावातल्या तरुण-तरुणींना हंगामी पगारावर नेमण्यासाठी वळवावा. कुठल्या जागेसाठी किती निधी गेला, तेही त्या जागेवरच्या फलकावर लिहावं. उत्तर जाहीरपणे दिलंत तर बरं.

आपला,
महाराष्ट्रातला एक भटक्या