कार्बोरेटर घरी खोला, पण जेटमध्ये तार घालू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आले नि नव्या बाइकना पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसलं, पण ठाण्यात कार्बोरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनला देणारा जुना भाग असलेल्या) गाड्या अजून ढिगाने आहेत, माझी स्प्लेंडर त्यातलीच. पावसाळ्यात महिनाभर कळव्याला बिल्डिंगखाली उभी राहिली आणि मग चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला तरच चालू, सोडला की बंद. मेकॅनिकने बाहेरचा स्क्रू फिरवून दिला, फरक शून्य. शेवटी घरीच खोललं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या फ्लोटच्या वाटीत तळाला पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळत होते आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) उजेडाकडे धरला तर आरपार काहीच दिसेना. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काढून ठेवा.

तरुण पोरांना कळकळीने सांगतो, जेटमध्ये तार, सुई काही घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पीत सुटते. क्लीनर स्प्रे मारा, मग पंपाने हवा मारा. रबरी रिंगा आधी बाजूला काढा, स्प्रेने फुगतात. आणि स्वयंपाकघरात तर हे काम नकोच, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, फरशीलगत पसरते नि दिसत नाही.

उरलेलं घाण पेट्रोल लोक सर्रास गटारात ओततात, ते शेवटी आपल्या खाडीतच जातं! महापालिकेने ते जमा करायची सोय प्रभागात करावी ही विनंती.

एक वाचक, कळवा, ठाणे