शनिवारच्या फाशांविषयी

मिनियापोलिस

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

मी इथे फासे खेळते आणि असल्या खेळाने मुले बिघडतात, हा मावशीने तुमच्या कानावर घातलेला विषय त्या दिवशी फोनवर अर्धाच राहिला, कारण बाबांना जागरण होत होते. म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. नोकरीचे आणि जेवणाखाण्याचे तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

मी दर शनिवारी संध्याकाळी फासे घेऊन बसते, हे खरे आहे; पण तो जुगार नव्हे, भूमिका घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा खेळ आहे. त्यात एक डॉलरही लागत नाही आणि कोणी कोणाला हरवत नाही. माझ्या टेबलाभोवती एक परिचारिका, एक निवृत्त शिक्षिका, एक बसचालक आणि शेजारचे जोडपे असे पाच जण बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो आणि ते पात्र काय करते, काय बोलते हे सांगतो. मी गेम मास्टर, म्हणजे त्या पात्रांभोवतीचे बाकी सगळे जग मी सांभाळते: पाऊस, बाजार, पहारेकरी, भले-बुरे शेजारी. एखादी गोष्ट साधेल की नाही याचा भरवसा नसेल, तिथेच फासे टाकायचे.

बाबांना यातले गणित आवडेल. आम्ही खेळतो त्या पद्धतीत दोन साधे फासे टाकतात. बेरीज 10 किंवा अधिक आली तर काम फत्ते. 6 किंवा कमी आली तर संकट. आणि 7 ते 9 आली तर काम होते, पण त्याची किंमत मोजावी लागते. छत्तीस शक्यतांपैकी पंधरांत ही मधली बेरीज येते, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे, कारण ती किंमत कोणती हे मला त्याच क्षणी न्यायाने ठरवावे लागते.

हे वेड परके वाटेल, पण या गावाला ते जुने आहे. 1969 मध्ये इथल्याच डेव्हिड वेझली यांनी युद्धाच्या पटावरच्या खेळात खेळाडूंना नुसत्या पलटणी न देता एकेका माणसाची भूमिका दिली. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. डेव्ह आर्नेसन यांनी ते पुढे नेले, आणि त्यांनी व शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या गॅरी गायगॅक्स यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच भूमिकांचा खेळ 1974 मध्ये प्रसिद्ध झाला. मावशीने वाचलेले आरोप 1980च्या दशकातले आहेत. तेव्हा इथले काही पालक घाबरले होते, पण खेळामुळे मुले बिघडतात हे सिद्ध झाले नाही.

सध्या आमची कथा पेशवाईतल्या पुण्यात घडते. बाबांनी लहानपणी दाखवलेले कात्रजच्या नळाचे, म्हणजे पुण्याला पाणी आणणाऱ्या जमिनीखालच्या जुन्या मार्गाचे, उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली उभी तोंडे) आणि पेठांतले हौद मी तिच्यात आणले आहेत. एका हौदाचे पाणी अचानक आटते, एवढी सुरुवात. पाणी कोणी अडवले, त्याला काय हवे आहे आणि कोणीच काही केले नाही तर काय होईल, एवढेच मी आधी लिहून ठेवते. कागदावर वर्तुळ काढून त्याचे सहा भाग करते. वेळ वाया गेला की एक भाग रंगवते, आणि सहावा भरला की पेठेत पाण्यावरून हाणामारी पेटते. खेळाडूंनी काय करावे, हे मात्र मी कधीही लिहीत नाही. बसचालक पखाल वाहणारा झाला आहे. उच्छ्वासातून खाली उतरताना त्याची बेरीज 8 आली. तो नळात पोहोचला, पण पखाल निसटली आणि पहारेकरी सावध झाला. पुढे पाणी अडवणारा माळी सापडला, तेव्हा मी मोठा पाठलाग योजून ठेवला होता. शिक्षिकाबाईंच्या पात्राने त्याला खाली बसवून घरी किती माणसे आहेत असे विचारले. मी पाठलाग बाजूला ठेवला. ती सगळी संध्याकाळ त्या माळ्याच्या सुकलेल्या बागेवर गेली आणि शेवटी पाण्याच्या पाळ्या ठरल्या. मला एकटीला हे सुचले नसते. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या तालमींना तुम्ही मला कधी अडवले नाही. तिथे संहिता पाठ असे, इथे शेवट कोणालाच माहीत नसतो, एवढाच फरक.

इथली एक रीत मात्र मलाही प्रथम समजली नव्हती. खेळ सुरू करण्याआधी एक अख्खी बैठक कथेत काय नको हे ठरवण्यात जाते. शिवाय टेबलावर फुली काढलेला एक कागद असतो. प्रसंग कोणाला सोसवेना झाला तर त्याने त्या कागदावर बोट ठेवायचे. मी तो प्रसंग तिथेच सोडते आणि कारण कोणीही विचारत नाही. आपल्याकडे लगेच ‘काय झाले?’ असे विचारतील, आणि ते प्रेमानेच विचारतील. इथे न विचारण्यात आदर मानतात. परिचारिकेने एकदा आजारपणाच्या प्रसंगावर बोट ठेवले. आम्ही चहा केला आणि कथा दुसरीकडून पुढे नेली. सांगायचे एवढेच की ही माणसे सांभाळून घेणारी आहेत. मी इथे एकटी नाही. अकरापर्यंत सगळे आपापल्या घरी जातात, तेव्हा झोपेची काळजी करू नये.

बाबा, सवड झाली की दोन उच्छ्वासांमध्ये साधारण किती अंतर असते ते कळवावे.

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे ताईच्या खात्यात पाठवले आहेत. रजा मार्चआधी मिळत नाही, हे मी पुन्हा विचारून पाहिले. सगळी धावपळ ताईने एकटीने करावी हे मला बरे वाटत नाही. रात्रीसाठी बाई ठेवा आणि त्यात काटकसर करू नका. आई, तू ‘नको’ म्हणशील, पण या वेळी ऐक.

कोथरूडच्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. त्यांच्याशी बोलेन, शनिवार सोडून कोणत्याही दिवशी. आणि शनिवारी मी काय करते हे तुम्ही त्यांना आधीच मोकळेपणाने सांगावे. ते सोडावे लागेल, असे परस्पर कबूल मात्र करू नये.

ताईला नमस्कार आणि भाच्यांना आशीर्वाद व प्रेम.

तुमची,
धाकटी